वहाळातल्या शमीम मॅडम

शमीम मॅडम नव्या माणसाला गाव विचारत नसत. "कुठल्या पाण्याच्या तुम्ही?" असं विचारत. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्या सकाळी स्टाफरूममध्ये त्यांनी मलाही तेच विचारलं. मी गोंधळून नळाचं पाणी असं काहीतरी बोलून गेले. त्या हसल्या नाहीत.

"लहानपणी कुठे डुंबलात, कुठे कपडे धुतलेत, ते विचारतेय."

"आडकोंडचा वहाळ," मी म्हटलं. "बोर्लीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. अगदी लहान आहे, तुम्हाला माहीत नसेल."

त्यांनी हातातला पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "डोंगरातून निघतो, पाच वाड्या भिजवतो आणि खाडीला मिळतो. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी सगळा चालून होतो. मधे एक डोह आहे, शाळेच्या मागे. तिथे वाम मासे आहेत अजून?"

मला सांगता येईना. जन्म तिथला, आणि डोहात वाम आहे की नाही हे मुरुडच्या बाईने मला विचारावं!

त्या मुरुडच्या. वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा म्हणे. पण मॅडमचा सगळा जीव गोड्या पाण्यात. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "दर्याची काळजी करणारे खूप आहेत. तो मोठ्याने बोलतो, ऐकू जातो सगळ्यांना. वहाळाचं कोण ऐकतं?" लग्न केलं नव्हतं. श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायच्या. अंगाने बारीक, उंच, सुती सलवार-कमीज, पायात पुरुषी रबरी चपला. पाण्यात उतरायच्या आधी डोक्यावरची ओढणी मागे घट्ट गाठ मारून बांधत आणि काठावर चार-पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहत. बरोबरची मुलं चुळबुळ करू लागली की म्हणत, "थांबा. आपण आलोय हे त्यांना कळू द्या."

'त्यांना' म्हणजे माशांना. मॅडम माशांना अहो-जाहो करत. "हे बघा, दगडाखाली बसलेत, रागावलेत जरा." वर्गात पोरं खुसखुसायची. पण वर्ष संपेपर्यंत तीच पोरं नकळत तसंच बोलायला लागायची.

चष्म्याच्या एका जुन्या स्टीलच्या डबीत त्यांची हत्यारं असत. बारीक कात्री, चिमटा आणि शिसपेन्सिलीचे दोन तुकडे. मासा जिवंत ठेवून त्याच्या पराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा त्या कापून घेत, स्पिरिटच्या इवल्याशा बाटलीत टाकत आणि मासा परत सोडून देत. कापायच्या आधी दर वेळी, दर माशाला, हळूच "माफ करा" म्हणत. बाटलीवरची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची हा त्यांचा कायदा. एकदा मी घाईत पेनाने लिहिलं, तर त्यांनी माझ्यादेखत ती चिठ्ठी स्पिरिटमध्ये बुडवली. शाई निळ्या धुरासारखी पसरली आणि कागद कोरा झाला. "आता हे कोण होते, सांग." मला 'तू' म्हणण्याची ती पहिली वेळ.

पहिल्याच हिवाळ्यात त्या आमच्या गावी आल्या. माझे वडील, आबा, शेताच्या बांधावर उभे राहून बघत होते. कॉलेजातली बाई पाण्यात वाकून दगड चाचपतेय हे त्यांना चमत्कारिक वाटलं असणार. शेवटी न राहवून ते खाली उतरले.

"काय हुडकता, बाय?"

"मासे, आबा. दगडाखाली राहतात ते."

"खडपी व्हय? मंग तसा न्हाय गावायचा त्यो." आबांनी धोतर खोचलं, पाण्यात बसले आणि एका चपट्या दगडाखाली दोन्ही हात असे सरकवले, जसं झोपलेल्या पोराला उचलतात. ओंजळ वर आली तेव्हा तिच्यात बोटभर लांबीचा एक मासा होता. मातकट अंग, त्यावर काळसर पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. लहानपणी मी असे शेकडो बघितले होते. कोणाच्या जेवणाच्या कामाचा नाही, म्हणून कोणी ढुंकून बघत नसे.

मॅडम किती वेळ आबांच्या ओंजळीत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोंगरापलीकडे तळवड्याच्या वहाळात असेच आहेत. पण त्यांचा शेपटीकडचा पट्टा अखंड असतो. यांचा मधे तुटलाय."

"मासा त्योच. डोंगर मधी आला म्हून काय बदलल?"

"तेच तर बघायचंय, आबा."

दुपारी आमच्या घरी जेवल्या. आईने वहाळातलीच खवली तळली होती, ती त्यांनी हात जोडून परत केली. "समुद्रातला कुठलाही मासा वाढा. यांच्याशी ओळख आहे माझी. ओळखीच्यांना कसं खायचं?" आबा मोठ्याने हसले. त्या दिवसापासून त्या आमच्या घरच्या झाल्या.

रिकाम्या तासाला मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसे. जनुकशास्त्र त्या जसं शिकवत तसं मला पुण्याच्या विद्यापीठातही कोणी शिकवलं नव्हतं. फळ्यावर किनारा काढायच्या आणि डोंगरातून समुद्राकडे येणाऱ्या लहान लहान रेघा. "या आपल्या नद्या. एकही दुसरीला भेटत नाही. प्रत्येक एकटी जाते आणि खाऱ्या पाण्यात संपते. हे खडपी खाऱ्या पाण्यात जगत नाहीत, डोंगर चढून जाऊ शकत नाहीत. म्हणजे आडकोंडच्यांना तळवड्याचे भाऊबंद कधी भेटलेच नाहीत. आपल्या पणज्याच्या पणज्याच्याही कितीतरी आधीपासून. इतक्या काळात रक्तात काय काय लिहिलं गेलं असेल! बाहेरून दोघे सारखे दिसतील. पण एकाने उन्हाळा सोसायची युक्ती शिकून ठेवली असेल, दुसऱ्याने पुराची. ते मिसळून टाकलं तर कोणी काय शिकलं होतं, ते परत वाचता येणार नाही."

हे त्या दर वर्षी शिकवत. म्हणूनच पुढचं सांगताना माझी जीभ अडखळते. जे झालं ते न कळून झालं नाही.

एका एप्रिलच्या अखेरीस वाडीतून फोन आला की डोहात मासे उलटे पडलेत. आम्ही रिक्षाने पोहोचलो तोवर ऊन चढलं होतं. वहाळ आटून डोहापुरता उरला होता आणि त्या डोहात कोणीतरी ब्लिचिंग पावडर टाकली होती. उन्हाळ्यात मासे पकडायची ही सोपी रीत. पाण्याला दवाखान्यासारखा वास येत होता. वाम, खवली, डोहातली म्हातारी मरळ, सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वाडीतली माणसं काठावर जमली होती. जो तो मॅडमना सांगत होता की बाहेरच्या कोणाचं तरी काम असणार. आबाही होते. ते काही बोलले नाहीत.

मॅडम तशाच पाण्यात उतरल्या. डोळ्यांची आग होत होती तरी कडेच्या झऱ्याजवळचे दगड एक एक उचलत गेल्या. तिथे पाणी थोडं ताजं होतं. एकोणीस खडपी जिवंत मिळाले. दुधाच्या दोन कॅनमध्ये घालून आम्ही ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणले.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तीनदा वहाळ पालथा घातला. डोहाच्या खाली काही नव्हतं. वर तर नुसता तापलेला कातळ. धबधब्याच्या पुढे मॅडमचा गुडघा चढू देईना, म्हणून शेवटचा टप्पा मी एकटी चढले. दोन कोरडी कुंडं पाहिली. त्यांच्या वर कातळात एक अरुंद भेग होती, आत अंधार होता आणि सापाची कात पडलेली होती. मी आत हात घातला नाही. खाली येऊन म्हटलं, "वर काही नाही." मॅडमनी वहीत पेन्सिलीने तेच लिहिलं.

प्रयोगशाळेतल्या टाकीत रोज एखादा कमी होत होता. मॅडम सकाळी आल्या की दिवा न लावता आधी टाकीपाशी जात. जून लागेतो सात उरले. सातही माद्या, पोटात अंडी धरलेल्या. शेवटचा नर गेला त्या दिवशी त्यांनी मला म्हटलं, "उद्या तळवड्याला जाऊ."

मला कळलं. "मॅडम, तुम्हीच तर शिकवता..."

"शिकवते." त्या टाकीकडे बघत होत्या. "या सात गेल्या की शिकवायला काय उरेल? अर्धं उरलेलं बरं की काहीच न उरलेलं?"

"एक पावसाळा थांबू या का? पाण्याबरोबर वरून काही आले तर..."

"वर काही नाही, सुनंदा. तूच बघून आलीस."

मी दुधाचे कॅन धुवायला घेतले.

तळवड्याच्या वहाळातून सहा नर आणले. माद्यांना त्यांच्याबरोबर सोडायच्या आधी मॅडमनी सगळ्यांच्या पराचे तुकडे घेतले. मेलेल्या बारांचेही जपून ठेवलेलेच होते. बाटल्या कॉलेजच्या फ्रीजमध्ये लावताना म्हणाल्या, "आपण काय केलं ते पुढे कोणाला तरी वाचता आलं पाहिजे."

पिल्लं झाली, आणि भरभरून झाली. दिसायला रवाळ, मग तांदळाएवढी, मग बोटाच्या पेराएवढी. श्रावणात वहाळ स्वच्छ वाहू लागल्यावर आम्ही शेकडो पिल्लं आडकोंडच्या पाण्यात सोडली. शाळेची मुलं लेझीम खेळली, सरपंचांनी मॅडमना शाल आणि नारळ दिला, बातमी छापून आली. फोटोत मॅडम तोंड भरून हसताहेत. तशा हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मासे जगले आणि वाढले. तरी मॅडम दर डिसेंबरला वहाळात जाऊन खालचे, मधले, वरचे नमुने घेत राहिल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी पदरमोड करून काही बाटल्या तपासायला पाठवल्या. निकाल आला, सगळे आडकोंडचेच. मॅडमनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला. पण ती तपासणी साधी होती. पेशीत एक धागा असा असतो की तो फक्त आईकडून येतो, आणि तेवढाच त्यात वाचला होता. आया आडकोंडच्याच होत्या. कागद खोटं बोलत नव्हता, अर्धं बोलत होता. हे मॅडमना माहीत होतं, मलाही होतं. दोघींनी ते बोलायचं टाळलं आणि त्या कागदावर काही वर्षं काढली.

पुढे मी पीएचडीसाठी रजा घेऊन पुण्याला गेले. तिथे आई आणि बाप दोन्हीकडचं वाचणारं यंत्र होतं. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मला वाटलं, त्यांच्या फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या, क्रमाने वाचून त्यांना द्याव्यात. निवृत्तीची भेट म्हणून. कल्पना माझी. मॅडमनी बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून स्वतः एसटीने आणून दिल्या.

निकाल हातात आला तेव्हा मी तो फोनवर सांगू शकले नाही. श्रीवर्धनला गेले. अंगणात सुपारी वाळत पडली होती. मॅडम पायरीवर बसून परीक्षेचे पेपर तपासत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा पुसला.

"सांग. मिसळलेत ना? ते धरूनच चालले होते मी."

"मिसळलेत, मॅडम. आणि दोन वहाळांतले खरंच फार वेगळे होते. तुम्ही शिकवायचात त्याहून वेगळे." मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. "पण ते नाही. हे बघा. पिल्लं सोडली त्याच वर्षीचा डिसेंबर. वरच्या अंगाचे नमुने. यातले पाच पूर्ण आडकोंडचे आहेत. दोन्हीकडून."

"टाकीतली पिल्लं असतील."

"पिल्लं झाली तेव्हा टाकीत आडकोंडचा नर उरलाच नव्हता, मॅडम."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि त्या पाच आकड्यांवरून एकदा फिरवली. त्यांना कळलं होतं. पण ते माझ्या तोंडून यायला हवं होतं.

"मग हे पाच कुठले?"

"वहाळातलेच. वर कुठेतरी वाचले होते. पावसात खाली आले."

"पुढच्या वर्षी?"

"दोन."

"नंतर?"

"एक. त्यानंतर नाही. सगळे मिसळले."

समोरच्या सुपाऱ्यांवर ऊन सरकत होतं. "मॅडम, वर मी गेले होते," मी म्हटलं. "तिथे एक भेग होती. मी हात घातला नाही."

"तू बघितलंस ते सांगितलंस. ठरवलं मी." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पाच होते, सुनंदा. पाच म्हणजे पुष्कळ असतात." त्या उठल्या. "जेवून जा. सुकटीची चटणी केलीय."

मी जेवले. चव आठवत नाही.

दुसरं कोणी असतं तर तो तक्ता कपाटात गेला असता. निवृत्तीच्या आधी मॅडमनी तो स्वतःच्या नावाने लिहून छापायला पाठवला, चूक कोणाची हे स्पष्ट लिहून. मग आडकोंडला आल्या आणि शाळेच्या व्हरांड्यात गाव जमवून तेच सांगितलं. लोकांना नीटसं कळेना. कोणीतरी म्हणालं, "मासं हायत ना पान्यात? मंग झाला की!" सरपंच म्हणाले, मॅडम उगाच मनाला लावून घेतात. त्यांनी दिलेली शाल मॅडमनी घडी घालून आणली होती. ती परत घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा ती त्यांनी शाळेच्या टेबलावर ठेवली आणि आमच्या घरी आल्या.

आबा पडवीत बसले होते. त्यांनी मला आत जायला सांगितलं नाही, म्हणून मी ऐकलं.

"बाय, ती पावडर मीच टाकलीवती."

मॅडम पडवीच्या पायरीवरच थांबल्या.

"मुंबईचं पावणं आलंवतं. चार मासं गावतील म्हून वायच टाकली. सगला डोह जाईल आसा वाटला न्हवता. इतकी वर्सा तुमी माज्या घरात जेवलाव. माज्या तोंडातून निगाला न्हाय."

"मला माहीत होतं, आबा."

आबांनी मान वर केली.

"त्या दिवशी सगळे माझ्याशी बोलत होते. तुम्ही एकटे गप्प होता." मॅडम त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "तुमच्या पावडरीतून पाच वाचले होते, आबा. माझ्यातून एकही नाही वाचला."

आबा रडले. मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते. मॅडम रडल्या नाहीत.

निवृत्तीनंतर त्या दर रविवारी आडकोंडला यायला लागल्या. सकाळच्या एसटीने बोर्ली, तिथून मिळेल त्या वाहनाने. एक तरी जुना कुठेतरी उरला असेल, एखाद्या भेगेत, एखाद्या झऱ्याच्या तोंडाशी, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पण आता त्या फोन करत, "आज एक भेटले. शेपटीचा पट्टा अगदी मधोमध तुटलाय, जुन्या फोटोतल्यासारखा. बाटली पाठवतेय." बाटली टपालाने येई. मी ती आमच्या कामाच्या नमुन्यांबरोबर यंत्रात घाले आणि आठ दिवसांनी फोन करे. "नाही, मॅडम."

"बरं," एवढंच म्हणत. पुढच्या रविवारी पुन्हा.

हे काही वर्षं चाललं. एकदा मला इतका कंटाळा आला, स्वतःचाच, की दोन दिवस फोन केलाच नाही. खोटं सांगून टाकावं असंही मनात आलं. एक सापडला म्हणावं, म्हातारीला झोप तरी लागेल. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "सांगू नकोस. सापडले असते तर तू त्याच मिनिटाला फोन केला असतास."

सुट्टीत मी घरी आले की त्यांच्याबरोबर वहाळात जाई. पूर्वी त्या पाण्यात उतरल्या की सारखं बोलायच्या. आता बोलत नसत. दगड उचलायच्या, बघायच्या, "माफ करा" म्हणायच्या, ठेवायच्या. मधेच थबकून वरच्या अंगाला कान लावत, कोणी हाक मारल्यासारखं. मी विचारलं तर म्हणत, "काही नाही. मोजत होते." काय मोजत होत्या हे विचारायची मला गरज नव्हती.

मग तळवड्याचं झालं. तिथे रस्त्याच्या पुलाचं काम निघालं, सिमेंटचं पाणी वहाळात गेलं आणि खालचे सगळे मासे मेले. गाव हळहळलं. कोणाला तरी आठवलं की आडकोंडला शमीम मॅडमनी मासे परत आणले होते. पंचायतीत बैठक ठरली. सरकारी खात्यातला एक तरुण साहेब आला होता, चांगला होता, कळकळीचा. आडकोंडचे खडपी टाक्यांतून आणून तळवड्यात सोडायचे, अशी त्याची योजना. मॅडमना मानाने पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि पिशवीतून तो तक्ता काढला. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.

"हे मी केलेलं," त्या म्हणाल्या. आणि सगळं सांगितलं. सात माद्या, सहा नर, पाच, दोन, एक, नाही. "तळवड्याचे आता फक्त तळवड्यातच आहेत. वर कुठे वाचले असतील तर ते स्वतः खाली येतील. एक पावसाळा थांबा. तोवर सिमेंटचं पाणी बंद करा, बाकी काही करू नका."

"आणि मॅडम, काहीच आलं नाही तर?" साहेबाने विचारलं. त्याच्या आवाजात मला माझा जुना आवाज ऐकू आला.

"तर दोष माझ्या नावावर लिहा. मला सवय आहे."

ते थांबले. त्या पावसाळ्यात मॅडम तळवड्याला एकदाही गेल्या नाहीत. जायला धजावल्या नाहीत, असं मला वाटतं. दिवाळीनंतर मी आणि तो साहेब गेलो. पुलाच्या खालच्याच दगडाखाली खडपी होते. नंतर आणखी मिळाले. नमुने पुण्याला नेले, वाचले आणि मी त्याच मिनिटाला फोन केला.

"तळवड्याचेच आहेत, मॅडम."

"सगळे?"

"सगळे. दोन्हीकडून."

पलीकडे त्यांच्या खोलीतला जुना पंखा ऐकू येत होता. मी फोन कानाला धरून बसले. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "ठेव आता. नमाजाची वेळ झाली." वेळ झाली नव्हती. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते.

त्यानंतरही आडकोंडच्या बाटल्या यायच्या थांबल्या नाहीत, पण विरळ झाल्या. गुडघे गेले होते, श्वास लागायचा. मुरुडच्या बहिणीने त्यांना आपल्याकडे नेलं आणि पुढच्या पावसाळ्यात त्या तिथेच वारल्या.

त्याआधी, फेब्रुवारीत, मी त्यांना शेवटचं पाहिलं. बहिणीच्या मुलाने गाडीने आडकोंडला आणून सोडलं होतं. आबांनी हाताला धरून त्यांना डोहाशी नेलं आणि ते शेताकडे गेले. मॅडम एका सखल दगडावर बसल्या, पाय पाण्यात सोडले. मला म्हणाल्या, "तू वर जाऊन बघ. मी बसते इथे."

मी धबधब्यापर्यंत गेले. त्या भेगेतही हात घातला, कोपरापर्यंत. आत ओल होती आणि वाळू. बाकी काही नव्हतं. परत येताना वरच्या कातळावरून त्या दिसल्या. त्यांना मी दिसत नव्हते. कात्रीची डबी बाजूला तशीच मिटलेली होती. त्यांनी उजवा हात पाण्यात तळाला टेकवला होता, तळवा वर करून. कडेच्या दगडाखालून एक खडपी निघाला, टाकीतल्या त्या माद्यांच्या आणि परक्या नरांच्या वंशातला. थोडा पुढे आला, थांबला, आणि मग सरकत येऊन त्यांच्या तळव्यावर बसला.

मॅडम वाकल्या. काहीतरी बोलत होत्या त्याच्याशी. पाण्याच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत. बोलणं बराच वेळ चाललं होतं आणि मधून मधून त्या मान हलवत होत्या. मी वरच थांबून राहिले. मासा बसून होता, आणि त्यांनी मूठ मिटली नाही.